च्युइंग गम कंटाळ्यावर चालतं, झोपेवर नाही : रात्रपाळ्या लावणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

नियंत्रण कक्ष, रुग्णालयं, सुरक्षा चौक्या, वीज आणि पाण्याची केंद्रं, मालवाहतूक, फोनवर तातडीची मदत देणारी केंद्रं, अशा ठिकाणी माणसं रात्रभर पडद्याकडे, काट्याकडे किंवा रस्त्याकडे डोळे लावून बसतात. त्यांच्या पाळ्या लावणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. च्युइंग गम चघळलं की मेंदू तरतरीत राहतो, हा सल्ला तुमच्यापर्यंत नक्कीच पोहोचला असेल. रात्रपाळीच्या टेबलावर गमची बरणी ठेवायचा विचारही मनात येऊन गेला असेल. स्वस्त आहे, सोपं आहे, कुणाची हरकत नाही.

बरणी जरूर ठेवा. मात्र ती कशासाठी ठेवतो आहोत ते आधी पक्कं करा. एकसुरी कामाने येणाऱ्या सुस्तीवर गम थोडा वेळ आणि थोड्या प्रमाणात काम करतं. झोप न झाल्याने येणाऱ्या पेंगेवर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी आतून जवळपास सारख्याच वाटतात. त्यामुळे त्यांतला फरक ओळखायची जबाबदारी त्याच्यावर टाकून चालणार नाही, ती वेळापत्रक आखणाऱ्याची आहे.

आधी चघळताना काय होतं ते पाहू. गालावरचे आणि कानशिलावरचे मोठे स्नायू सेकंदाला साधारण एकदा ते दीडदा आकसतात. या स्नायूंत आणि दातांच्या मुळांभोवती ताण व दाब टिपणारे संवेदक असतात. त्यांचे संदेश ट्रायजेमिनल या पाचव्या मज्जातंतूवाटे मेंदूच्या बुंध्याकडे जातात. जबड्याच्या हालचालीची खबर घेणारा पेशींचा पुंजका तिथेच आहे आणि त्याला लागूनच लोकस सेरुलियस नावाचं चिमुकलं केंद्र आहे. हे केंद्र नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सोडून अख्ख्या मेंदूची जाग वरखाली करतं. चघळण्याने तरतरी का येते, याचं सध्याचं सगळ्यात पटण्याजोगं स्पष्टीकरण या शेजारात आहे. सोबत हृदयाचे ठोके मिनिटाला थोडे वाढतात. शरीराचा खर्चही वाढतो. 1999 साली साखर नसलेलं गम मिनिटाला 100 वेळा चघळायला लावून मोजणी केली, तेव्हा तो तासाला सुमारे 11 किलोकॅलरीने वाढलेला दिसला. बसल्या जागी शरीराला मिळालेला हा हलका धक्का आहे, त्याहून मोठा समजू नये.

‘गममुळे मेंदूचा रक्तपुरवठा 25 टक्क्यांनी वाढतो’ असं वाक्य जिकडेतिकडे वाचायला मिळतं. असा आकडा मोजला गेला आहे. 1997 मध्ये मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पेट स्कॅनच्या अभ्यासात चघळताना मेंदूच्या एका भागात रक्तप्रवाह 25 ते 28 टक्के वाढलेला आढळला. पण तो भाग तोंड आणि जबडा हलवणारा, तिथला स्पर्श जाणवून घेणारा पट्टा होता. मूठ आवळली की हाताच्या पट्ट्यात रक्त वाढतं, तसंच हे. तेवढ्यावरून विचारशक्ती चौथाईने वाढली असा अर्थ काढता येत नाही. जाहिरातीत किंवा कार्यशाळेत हा आकडा पुढे आला, तर मेंदूच्या कोणत्या भागातला, एवढं जरूर विचारा.

आता उपयोगाच्या बाजूकडे येऊ. ती खरी आहे आणि तुमच्या कामाशी थेट जोडलेली आहे.

रडारसमोर बसलेले लोक चुकतात का, हे तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेला घड्याळाचा प्रयोग या क्षेत्राचा पाया आहे. कोऱ्या तबकडीवर एक काटा सेकंदाला एक पाऊल पुढे सरकतो आणि क्वचित कधीतरी दोन पावलांची उडी मारतो. ती उडी दिसली की बटण दाबायचं, असं सलग दोन तास. पहिला अर्धा तास उलटता उलटताच लोकांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. ही माणसं थकलेली नव्हती की झोपेला आलेली नव्हती. काहीच न घडणाऱ्या गोष्टीकडे टक लावून बसल्याने लक्ष आपोआप ढिलं पडत होतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंतीसमोर किंवा अलार्मच्या पॅनलसमोर रोज हेच होतं, आणि ते आळसामुळे होत नाही.

गमची जागा इथे आहे. 2014 मधल्या एका प्रयोगात लोकांना अर्धा तास आकड्यांची मालिका ऐकवली. विषम, सम, विषम असे तीन अंक लागोपाठ आले की ओळखायचं होतं. सुरुवातीच्या मिनिटांत गम चघळणारे पुढे नव्हते. पण वेळ जाईल तशी न चघळणाऱ्यांची घसरण जास्त झाली आणि शेवटच्या टप्प्यात चघळणारे टिकून राहिले. 2012 मध्ये अंधाऱ्या खोलीत डोळ्यांच्या बाहुल्यांचं मापन झालं. पेंग येऊ लागली की बाहुली स्थिर राहत नाही, लहानमोठी होत राहते. गम चघळणाऱ्यांत ही अस्थिरता कमी वाढली. या मापनात माणसाला काय वाटतं हे विचारावं लागत नाही, म्हणून आम्ही त्याला अधिक वजन देतो.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. 2011 मध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात चाचणीच्या आधी पाच मिनिटं गम चघळायला दिलं आणि मग काढून टाकायला लावलं. पुढची 15 ते 20 मिनिटं त्यांची कामगिरी बऱ्याच चाचण्यांत सुधारली, नंतर फरक विरून गेला. ज्यांनी चाचणी चालू असतानाही चघळणं सुरू ठेवलं, त्यांना काहीच लाभ झाला नाही. वरच्या अर्ध्या तासाच्या प्रयोगाशी हे विसंगत वाटेल, पण कामाचा प्रकार पाहिला की उलगडा होतो. आकडे ऐकत बसण्याला डोकं फारसं लागत नाही, तिथे चघळणं जाग टिकवतं. डोक्याला ताण देणाऱ्या कामात चघळण्याची हालचाल सांभाळायलाही थोडं लक्ष खर्ची पडतं आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. म्हणून आमची शिफारस अशी : टक लावून बसायचं असेल तर काम करता करता चघळा. हिशेब, औषधाची मात्रा, पाळी सोपवतानाचं टिपण, बिघाडाचं निदान असं काम असेल तर त्याआधी पाच मिनिटं चघळा, थुंका आणि मग बसा.

एक धोका तर सरळ नोंदवलेला आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अक्षरांचा क्रम तात्पुरता लक्षात ठेवायचा होता तेव्हा गम चघळणाऱ्यांची कामगिरी घसरली. फोनवर ऐकलेला नंबर, वायरलेसवरचा सांकेतिक क्रमांक, व्हॉल्व्ह बंद करायचा क्रम, हे सगळं याच जातीचं काम आहे. अशा वेळी जबडा थांबवायचा आणि ऐकलेलं लगेच लिहून घ्यायचं. तोंडात गम असलं की उच्चारही बोजड होतात आणि पलीकडच्याला ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गफलत होऊ शकते.

स्मरणशक्तीबद्दल फार बोलत नाही. 2002 मध्ये 75 जणांवर झालेल्या ब्रिटिश प्रयोगात गमने शब्द आठवण्यात मदत केली, त्याच्या बातम्या जगभर गेल्या. पुढे इतरांनी तोच परिणाम शोधला तेव्हा तो धडपणे सापडला नाही. ताणाबाबतही असंच आहे. 2009 च्या एका अभ्यासात गमने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालेलं दिसलं, 2010 च्या दुसऱ्यात वाढलेलं. या दोन कारणांसाठी कुणी गम सुचवत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो.

2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 14 प्रौढांना रात्रभर जागं ठेवलं आणि दर तासाला चाचण्या घेतल्या. एका रात्री त्यांनी दर तासाला 15 मिनिटं चव आणि वास नसलेला पदार्थ चघळला. एका रात्री 200 मिलिग्रॅम कॅफिन घेतलं, एका रात्री काहीही परिणाम न करणारं औषध. चघळण्याच्या रात्रीची सतर्कता आणि कामगिरी त्या निष्क्रिय औषधाच्या रात्रीइतकीच राहिली, काही बाबतींत तर त्याहून वाईट. कॅफिनने मात्र वेग आणि अचूकता दोन्ही सुधारली. पुदिन्याच्या चवीने थोडा फरक पडला असता असं कुणी म्हणेल, आणि ते शक्यही आहे. पण पाचव्या पाळीलाही अपुऱ्या झोपेने आलेल्या माणसाच्या हाती एखादं वाहन किंवा एखादा रुग्ण सोपवताना त्या शक्यतेवर विसंबू नका.

कारण सरळ आहे. आपण जितका वेळ जागे राहतो, तितका मेंदूत झोपेचा दाब साठत जातो. त्यात पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं अंतर्गत घड्याळ जाग सर्वात खाली आणतं. चघळण्याचा धक्का जाग काही मिनिटं वर ढकलतो, पण साठलेला दाब एका थेंबानेही कमी करत नाही. 1997 मधल्या एका गाजलेल्या मोजणीत सलग 17 तास जागलेल्या माणसांचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसांइतका ढासळलेला आढळला, आणि 24 तासांनंतर 0.10 टक्क्यांइतका. दारू प्यायलेल्या माणसाला गम देऊन गाडीवर बसवायला तुमच्यापैकी कुणीही तयार होणार नाही. 20 तास जागलेल्या माणसाबाबतही तोच नियम लावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

शिवाय गम तोंडात असताना डुलकी लागणं धोक्याचं आहे. झोप चढू लागली की जबडा आधी मंदावतो, मधेच थांबतो, मग दचकून दोन-चार वेळा हलतो आणि पुन्हा थांबतो. शेजारच्या सहकाऱ्याला हे स्पष्ट दिसतं. असं दिसलं की गम काढायला लावा आणि त्या माणसाला जागेवरून उठवा. गोळी घशात अडकण्याची भीती तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला आता बदली माणूस हवा आहे, नवं गम नको.

बरणी ठेवायची ठरलीच, तर काही बारकावे सांभाळा. साखर नसलेलंच घ्या, रात्रभर साखर तोंडात घोळली की दात किडतात. एका वेळी एक गोळी पुरे. दोन-तीन एकदम तोंडात टाकल्या तर जबडा लवकर दुखतो. साधारण 15 ते 20 मिनिटांत गम फेकायचं, दोन्ही बाजूंनी चघळायचं आणि पुढची गोळी घेण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. पाळीत पाच-सहांच्या पुढे जाऊ नये. कानापुढच्या सांध्यात टकटक होते, सकाळी तोंड उघडताना दुखतं किंवा कानशिलं ठणकतात, अशी तक्रार असेल तर त्या व्यक्तीने गम बंदच करावं. कवळी, ब्रेसेस किंवा ढिली झालेली दाताची टोपी असणाऱ्यांनाही गम नको. बहुतेक शुगरफ्री गममध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल हे गोड पदार्थ असतात, एका गोळीत साधारण एक-सव्वा ग्रॅम. दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल पोटात गेलं तर जुलाब लागू शकतात आणि लोक त्याचं खापर जेवणावर फोडत राहतात. वेष्टनावर ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ लिहिलेला असेल, तर फेनिलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या व्यक्तीने ते टाळायलाच हवं. राखणीला कुत्रा असेल तिथे बरणी झाकणाची आणि उंचावर ठेवा, कारण झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी आहे.

काही जागी गम मुळीच नको. घट्ट बसणारा श्वसन-मास्क लावून काम चालतं तिथे जबडा हलला की मास्कची कड गालावरून सुटते आणि गाळण निरुपयोगी होते. रसायनांच्या प्रयोगशाळेत, रंग किंवा शिशाची धूळ उडते तिथे, अन्नप्रक्रियेच्या ठिकाणी आणि शस्त्रक्रियागृहात हात ते तोंड हा रस्ता बंदच असायला हवा. आणि सगळीकडेच वापरलेलं गम कागदात गुंडाळून टाकायला झाकणाचा डबा हाताशी ठेवा, म्हणजे टेबलाखाली चिकटवलं जाणार नाही.

कॅफिनचं गम ही पूर्ण निराळी वस्तू आहे आणि तिला साध्या गमच्या बरणीत जागा देऊ नका. अमेरिकी लष्करी संशोधकांनी तपासलेल्या गममध्ये एका गोळीत 100 मिलिग्रॅम कॅफिन असतं. पाच मिनिटं चघळलं की त्यातलं बहुतेक सगळं बाहेर येतं आणि काही भाग गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात शिरतो. रक्तातली पातळी गमने 44 ते 80 मिनिटांत शिखर गाठते, कॅप्सूलने 84 ते 120 मिनिटांत. तातडीच्या वेळी हा फरक मोलाचा आहे. पण गोळी गमसारखी दिसते म्हणून लोक ती गमसारखीच एकामागून एक तोंडात टाकतात, घोटाळा इथे होतो. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. गरोदरपणी दिवसभराचीच मर्यादा 200. त्यात चहा-कॉफीही मोजायची. अशा गोळ्यांचं वाटप पर्यवेक्षकाने नोंद ठेवून करावं. पाळीच्या शेवटच्या काही तासांत ती देऊ नये. शरीरातून निम्मं कॅफिन जायलाच सुमारे पाच तास लागतात, आणि झोपण्याआधी सहा तास घेतलेल्या 400 मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून जास्त घटल्याचं 2013 मध्ये दिसलं आहे. घरी जाऊन झोप लागली नाही की दुसऱ्या रात्री तोच माणूस आणखी पेंगत येतो.

पुराव्याच्या दर्जाबद्दलही तुम्हाला माहीत असायला हवं. यातले बहुतेक प्रयोग 15-20 ते शंभरेक माणसांवरचे आहेत. आपण चघळतो आहोत हे चघळणाऱ्याला कळतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वगळता येत नाही. गम बनवणाऱ्या रिग्ली कंपनीने 2006 मध्ये स्वतःची विज्ञानसंस्था काढली आणि या विषयावरच्या अनेक अभ्यासांना तिचा पैसा मिळाला. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्रपणे पडताळलेल्या निष्कर्षांनाच आम्ही वर जागा दिली, त्यामागे हेही कारण आहे.

म्हणून तुमच्या जागी स्वतः तपासा, ते अवघड नाही. दहा मिनिटांची प्रतिक्रिया-चाचणी संगणकावर घेता येते. पडद्यावर दोन ते दहा सेकंदांच्या अंतराने खूण येते, दिसताच बटण दाबायचं. 500 मिलिसेकंदांहून उशीर झाला की ती एक चूक धरायची. तीच माणसं, त्याच पाळ्या, एक आठवडा गमसह आणि एक आठवडा गमशिवाय. अर्ध्या लोकांना आधी गम, अर्ध्यांना नंतर. चाचणी रोज त्याच दोन वेळांना घ्या, एक पाळीच्या सुरुवातीला आणि एक पहाटे चारच्या आसपास. चुका मोजा. ‘बरं वाटलं का’ हे विचारा, पण त्यावर निर्णय घेऊ नका, कारण झोप कमी झालेल्या माणसाला स्वतःची घसरण नीट कळत नाही. आणि पहाटे चारला दोन्ही आठवड्यांत चुका भरपूर निघाल्या, तर गमचा ब्रँड बदलत बसू नका. आदल्या दिवशी कोण किती झोपलं होतं, ते तपासा.

आमची मागणी अशी आहे की गमची खरेदी मंजूर करण्याआधी वेळापत्रकात तीन बदल व्हावेत. एकाच पडद्यासमोर 20-30 मिनिटांहून जास्त कुणी सलग बसू नये. युरोपात विमानतळावर सामानाच्या क्ष-किरण प्रतिमा पाहणाऱ्यांना साधारण 20 मिनिटांनंतर किमान 10 मिनिटं त्या कामातून मोकळीक देण्याचा नियम आहे, तो आपल्या कामाला जुळवून घ्या. मध्यरात्रीनंतर प्रत्येकाला 20 मिनिटांची डुलकी आणि त्यानंतर भानावर यायला 15 मिनिटं मिळावीत, तीही अंधाऱ्या खोलीत आणि बदली माणूस जागेवर असताना. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या पाहणीत 40 मिनिटांच्या सवलतीत सरासरी 26 मिनिटांची झोप मिळाली आणि उड्डाणाच्या उत्तरार्धात तिचा स्पष्ट लाभ दिसला. तिसरा बदल कागदावरचा आहे, पण सगळ्यात अवघड : ‘मला झोप आवरत नाही’ असं सांगणाऱ्याची रजा कापली जाणार नाही आणि त्याच्या शेऱ्यात त्याची नोंद होणार नाही, हे लेखी द्या. हे लेखी मिळेपर्यंत लोक गम चघळत गप्प बसतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

आपले,
झोप आणि सतर्कता या विषयांचा अभ्यास करणारे काही जण